कॅपिबारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅपिबारा मराठी घरांत पोहोचला तो मुलांच्या मोबाइलमधून आणि मऊ खेळण्यांच्या रूपाने, त्यामुळे त्याच्याविषयीचे बहुतेक प्रश्न त्याच्या निवांत चेहऱ्याभोवतीच फिरत राहतात. तो शांत असतो हे खरे. परंतु त्या शांतपणाला पाणी, कळप आणि चराऊ गवत या तिन्हींचा आधार लागतो आणि यांतले एक जरी काढून घेतले तरी हा प्राणी बिथरतो. खालील उत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत.

कॅपिबारा नेमका कोणत्या वर्गातला प्राणी आहे? तो डुक्कर आहे की घूस?

कॅपिबारा हा कृंतक गणातला, म्हणजे उंदीर, घूस, खार आणि साळिंदर यांच्या गणातला सस्तन प्राणी असून आज जिवंत असलेल्या कृंतकांमध्ये तो सर्वांत मोठा आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही याच गणात मोडतो, मात्र ते नाते फार लांबचे आहे. त्याचा जवळचा नातलग म्हणजे गिनीपिग, आणि त्याहूनही जवळचा म्हणजे ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या, खडकाळ भागात राहणारा मोको. या सर्वांचा समावेश केव्हिइडी या एकाच कुलात केला जातो.

डुकराशी त्याचा काहीही संबंध नाही. तरीही सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७६६ मध्ये त्याला डुकरांच्या प्रजातीत घातले होते आणि आजच्या ‘हायड्रोकोअरस हायड्रोकेरिस’ या शास्त्रीय नावातही पाण्यातल्या डुकराचा उल्लेख टिकून आहे. त्याच्या अंगावरचे राठ, विरळ केस आणि पिंपासारखे धड पाहता ही चूक समजण्यासारखी आहे. याच प्रजातीत ‘हायड्रोकोअरस इस्थमियस’ ही आणखी एक, आकाराने लहान जाती मानली जाते. ती पनामा, कोलंबियाचा वायव्य भाग आणि व्हेनेझुएलाचा पश्चिम भाग एवढ्याच प्रदेशात आढळते.

दक्षिण अमेरिकेतील या साऱ्या कृंतकांचे पूर्वज सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतून, बहुधा वाहून आलेल्या झाडोऱ्यावर बसून, समुद्र ओलांडून आले असावेत असे मानले जाते. त्या काळी हे खंड बेटासारखे एकटे होते आणि मोठे खूरवाले शाकाहारी प्राणी तिथे आजच्यासारखे नव्हते. त्यामुळे कृंतकांना आकाराने वाढायला मोकळे रान मिळाले. उरुग्वेत सापडलेल्या आणि २००८ मध्ये वर्णन झालेल्या ‘जोसेफोआर्टिगासिया’ या नामशेष कृंतकाची कवटीच अर्ध्या मीटरहून लांब आहे. त्याच्यापुढे आजचा कॅपिबारा लहानखुराच म्हणावा लागेल.

तो केवढा असतो?

पूर्ण वाढलेल्या कॅपिबाराचे वजन साधारणपणे ३५ ते ६६ किलो, लांबी एक मीटरहून थोडी अधिक आणि खांद्यापाशी उंची ५० ते ६० सेंटिमीटर असते. मादी नरापेक्षा किंचित वजनदार असते. चार्ल्स डार्विनने आपल्या दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात माँटेव्हिडिओजवळ मारलेल्या एका कॅपिबाराचे वजन ९८ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो भरल्याची नोंद केली आहे, आणि ती आजच्या मोजमापांशी चांगली जुळते.

तो कुठे आढळतो आणि त्याला कसा अधिवास लागतो?

चिली वगळता दक्षिण अमेरिकेतील जवळजवळ सर्व देशांत, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील सखल प्रदेशात कॅपिबारा आढळतो. व्हेनेझुएला आणि कोलंबियातली ल्यानोस ही गवताळ मैदाने, ब्राझीलमधला पांतानाल हा अवाढव्य पाणथळ प्रदेश आणि अर्जेंटिनाच्या कोरिएंतेस प्रांतातला इबेरा दलदलीचा भाग ही त्याची खास माहेरघरे आहेत. व्हेनेझुएलात त्याला ‘चिगुइरे’, ब्राझीलमध्ये ‘कापिवारा’ आणि अर्जेंटिना-उरुग्वेत ‘कार्पिंचो’ म्हणतात.

अधिवासाच्या बाबतीत त्याच्या गरजा तीन आहेत आणि त्या तिन्ही एकमेकींच्या चालण्याच्या अंतरावर असाव्या लागतात: बुडी मारण्याइतके खोल पाणी, त्याच्या काठाने पसरलेले आखूड गवत, आणि विश्रांतीसाठी व पिल्ले घालण्यासाठी पुरातही कोरडी राहणारी झाडीची उंच जागा. घनदाट अरण्यात तो नदीकाठ धरूनच राहतो, कारण आतल्या सावलीत त्याला चरण्याजोगे गवत उगवत नाही.

ल्यानोसमधले ऋतुचक्र पाहिले म्हणजे या गरजांचा अर्थ नीट उलगडतो. तिथे साधारण मे ते नोव्हेंबर पाऊस पडतो आणि मैदाने जलमय होतात. तेव्हा कळप वेगवेगळ्या उंचवट्यांवर पांगलेले असतात. डिसेंबरनंतर पाणी ओसरू लागते, एकेक डबके आटत जाते आणि मार्च-एप्रिलपर्यंत जिथे थोडे पाणी उरलेले असते तिथे अनेक कळप येऊन शंभर-शंभर प्राण्यांचा मेळा जमतो. अंतर्जालावर दिसणारी मोठ्या झुंडींची छायाचित्रे बहुधा याच टंचाईच्या काळातली असतात.

पाण्यात राहण्यासाठी त्याच्या शरीराची रचना कशी जुळली आहे?

कॅपिबाराचे डोके बाजूने पाहिले तर नाकपुड्या, डोळे आणि कान हे तिन्ही कवटीच्या वरच्या कडेला, जवळजवळ एका रेषेत असल्याचे दिसते. म्हणूनच सारे अंग पाण्याखाली ठेवून तो श्वास घेऊ शकतो, पाहू शकतो आणि ऐकूही शकतो. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असून त्यांच्यामध्ये अर्धवट पडदा असतो. त्यामुळे तो उत्तम पोहतो आणि चिखलातही रुतत नाही. धोका जवळ आल्यास तो पाच मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो. शेपूट नावालाच असते.

अंगावरचे केस विरळ असल्याने ते झटपट वाळतात, मात्र त्याच कारणाने कातडीला उन्हापासून फारसे संरक्षण मिळत नाही आणि दुपारच्या उन्हात त्याला पाण्याचा किंवा चिखलाचा आसरा घ्यावाच लागतो. जमिनीवरही तो अगदीच मंद नसतो. घाबरला म्हणजे थोड्या अंतरापुरता तो ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो, आणि धावतो तो बहुतेक वेळा पाण्याच्याच दिशेने.

तो काय खातो?

गवत हेच त्याचे मुख्य अन्न. त्याच्या जोडीला पाणवनस्पती, आणि टंचाईच्या दिवसांत लव्हाळे, झाडांची साल किंवा फळे. दिवसाकाठी तो साधारण तीन किलो ताजे गवत फस्त करतो. दिसायला तो सरसकट चरत असल्यासारखा वाटला तरी प्रत्यक्षात फार चोखंदळ असतो: चारा मुबलक असताना तो काही मोजक्या जातींच्या पाणथळ गवतांवरच ताव मारतो आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. उन्हाळ्यात मात्र ही निवड सैल होते.

गवतात असलेली वाळूसारखी कठीण सिलिका दात झिजवते. त्यावर उपाय म्हणून कॅपिबाराचे पटाशीचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. त्याला एकूण वीस दात असतात आणि सुळे अजिबात नसतात. शेवटची वरची दाढ तर इतकी लांब असते की तिच्यावर एकापाठोपाठ एक पातळ चकत्या उभ्या रचल्यासारख्या दिसतात, आणि जबडा मागेपुढे सरकला म्हणजे त्या चकत्यांच्या कडांमध्ये गवत बारीक कातरले जाते.

तो स्वतःची विष्ठा खातो हे खरे आहे का?

होय, आणि त्यात किळस वाटून घेण्यासारखे काही नाही. गाय-म्हैस चारा प्रथम पोटात आंबवते आणि मग रवंथ करते. कॅपिबाराकडे तशी सोय नाही. त्याच्या पोटात गवत आंबते ते लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते त्या ठिकाणच्या अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत, आणि तिथले सूक्ष्मजीव तयार करतात ती प्रथिने व जीवनसत्त्वे शोषून घेण्यासाठी पुढे पुरेसे आतडे उरलेले नसते. म्हणून अंधनालातून आलेला मऊ, ओला मळ तो बाहेर पडताक्षणी थेट तोंडाने उचलून पुन्हा गिळतो. हे बहुधा सकाळच्या विश्रांतीच्या वेळी घडते. इतर वेळी पडणाऱ्या लेंड्या कोरड्या, लंबगोल आणि हिरवट असतात, आणि त्यांना तो तोंड लावत नाही. ससे आणि गिनीपिगही हेच करतात.

आहाराशी निगडित आणखी एक बाब अशी की माणसाप्रमाणे कॅपिबाराच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. रानात ताज्या गवतातून ते मिळत असल्याने अडचण येत नाही, परंतु प्राणिसंग्रहालयात केवळ कोरडा खुराक मिळाल्यास त्याला स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येऊ लागते.

त्याचा दिवस कसा जातो?

सकाळी काठावर लोळणे, ऊन चढल्यावर पाण्यात डुंबणे, उन्हे कलल्यावर चरायला निघणे आणि मग रात्री उशिरापर्यंत थोडे चरणे, थोडे पडणे, असा त्याचा साधारण क्रम असतो. तो सलग गाढ झोपत नाही, डुलक्या काढतो. जिथे माणूस शिकार करतो तिथे हाच प्राणी दिवसभर झाडीत दडून राहतो आणि केवळ रात्री बाहेर पडतो. एकाच जातीच्या वर्तनात इतका फरक पडू शकतो, हे त्याच्या ‘स्वभावा’विषयी बोलताना लक्षात घ्यायला हवे.

कळपाची रचना कशी असते?

एका कळपात साधारण दहा ते वीस प्राणी असतात: एक प्रमुख नर, अनेक माद्या, त्यांची पिल्ले आणि काही दुय्यम नर. ल्यानोसमध्ये अशा एका कळपाचा टापू सुमारे ५ ते १६ हेक्टरचा असल्याचे आढळले आहे. टापूत पाण्याचा काठ, कुरण आणि झाडी यांचा आपापला वाटा असतो, आणि परक्या कॅपिबाराला कळपातले सारेच मोठे प्राणी मिळून हाकलून लावतात.

नरांमध्ये उतरंड ठरलेली असते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. प्रमुख नर इतरांना सतत दूर पळवत राहतो. त्यात प्रत्यक्ष मारामारी क्वचितच होते, पण होते तेव्हा त्या लांब दातांनी खोल जखमा होतात. दुय्यम नर कळपाच्या कडेकडेने राहतात. प्रमुख नराच्या तुलनेत त्यांना मीलनाची संधी कमी मिळते, तरी सगळे दुय्यम नर मिळून पाहिले तर त्यांचा वाटा बराच मोठा भरतो, कारण पाण्यात विखुरलेल्या माद्यांवर एकट्याला लक्ष ठेवता येत नाही. शिवाय कडेला राहणाऱ्या या नरांमुळे शत्रूची चाहूल आधी लागते, आणि प्रमुख नर त्यांना कळपातून कायमचे का घालवत नाही याचे उत्तर बहुधा त्यात असावे.

नराच्या नाकावर काळी गाठ दिसते ती कसली?

ती वासाची ग्रंथी आहे आणि स्पॅनिशमध्ये तिला ‘मोरिल्यो’ म्हणतात. डोळे आणि नाकपुड्या यांच्या मध्ये नाकाच्या वरच्या बाजूला असलेला हा उंचवटा केसरहित, काळसर, लंबगोल आणि चकचकीत असतो, आणि त्यावरच्या छिद्रांतून पांढरट चिकट द्रव पाझरतो. नर झुडपाजवळ जातो, ही गाठ फांदीवर दोन्ही बाजूंनी घासतो, मग पुढे सरकून तेच झुडूप पोटाखाली घेतो आणि त्यावर लघवी करतो. प्रमुख नरांची गाठ सहसा सर्वांत मोठी असते. माद्यांमध्ये ती नसते किंवा फारच अविकसित असते.

दुसरी ग्रंथी गुदद्वाराजवळ, नर-मादी दोघांतही असते. नराच्या या ग्रंथीत सहज निखळणारे केस असतात आणि त्यांवर कॅल्शियमच्या क्षारांचे कडक थर चढलेले असतात. नर गवतावरून गेला की असे केस तिथे अडकून राहतात आणि त्याचा वास मागे उरतो. प्रत्येक प्राण्याच्या स्रावातील घटकांचे प्रमाण वेगळे असल्याने कोण येऊन गेले हे कळपातल्या इतरांना वासावरून ओळखता येत असावे.

तो आवाज काढतो का?

पुष्कळ आणि नाना तऱ्हांचे. धोका दिसताच सर्वांत आधी पाहणारा प्राणी कुत्र्यासारखा तुटक भुंकतो. ते ऐकून बाकीचे ताठ उभे राहतात आणि भुंकणे थांबले नाही तर पाण्यात उड्या घेतात. पिल्ले जवळजवळ अखंड किलबिलल्यासारखा गुरगुराट करीत असतात, कारण उंच गवतात आईशी आणि एकमेकांशी संपर्क राखण्याचा तोच मार्ग आहे. माजावर आलेली मादी नाकातून शीळ घालते.

वीण कधी होते आणि पिल्ले कशी वाढतात?

वीण वर्षभर होऊ शकते, तथापि ल्यानोसमध्ये पावसाच्या सुरुवातीला तिला जोर येतो. मीलन पाण्यातच होते. मादी पाण्यात शिरते, नर मागोमाग जातो, आणि बराच वेळ ती त्याला मागे घेऊन पोहत, बुडत, पुन्हा वर येत राहते. नको असलेल्या नरापासून सुटायचे असेल तर ती सरळ काठावर चढून निघून जाते.

गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो, उंदीर-घुशींच्या मानाने कितीतरी लांब. एका वेतात सरासरी चार पिल्ले होतात. मादी कळपापासून थोडी दूर, जमिनीवरच झाडोऱ्यात विते, आणि काही तासांतच कळपात परतते. पिल्ले चालू लागताच तिच्यामागे येतात. जन्मतःच त्यांचे डोळे उघडे असतात, अंगावर केस असतात, दात आलेले असतात, आणि आठवडाभरात ती गवत कुरतडू लागतात. दूध मात्र सुमारे चार महिने चालू राहते, आणि ते केवळ आपल्या आईचे नव्हे: कळपातल्या इतर दुभत्या माद्याही त्यांना पाजतात. सर्व माद्यांची पिल्ले एकत्र घोळक्याने फिरतात.

एवढे असूनही पहिल्या वर्षात त्यांची मोठ्या संख्येने हानी होते. जी वाचतात ती साधारण दीड वर्षात प्रजननक्षम होतात. रानात कॅपिबारा आठ-दहा वर्षे जगू शकतो, पण बहुतेकांना तेवढे आयुष्य लाभत नाही. माणसाच्या देखभालीत तो बारा वर्षांपर्यंत जगतो.

त्याचे शत्रू कोण? मगरी त्याला खात नाहीत असे ऐकले आहे.

जॅग्वार हा बिबट्यासारखा दिसणारा शिकारी प्राणी त्याचा सर्वांत मोठा शत्रू. पांतानालमध्ये जॅग्वारच्या आहारात कॅपिबारा आणि केमन या दोघांचा वाटा मोठा असतो. याखेरीज प्यूमा आणि ॲनाकोंडा मोठ्या प्राण्यांनाही मारतात, तर ओसेलॉट नावाचे रानमांजर, कोल्हे, काराकारा नावाचे शिकारी पक्षी, काळी गिधाडे आणि मोकाट कुत्री पिल्लांवर टपलेली असतात.

केमन हे मगरींच्या नात्यातले असले तरी ज्या चित्रफितींत ते कॅपिबाराच्या शेजारी निमूट पडलेले दिसतात तिथे त्यांची लांबी बहुधा दोन मीटरच्या आसपास असते आणि मासे हे त्यांचे नेहमीचे खाद्य असते. पन्नास किलोच्या, लांब दातांच्या प्राण्याला पकडून गिळणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. पिल्लू एकटे सापडले तर तेच केमन ते सोडत नाहीत. दोघांच्या मैत्रीच्या गोष्टी म्हणूनच अर्ध्या खऱ्या समजाव्यात.

मग कॅपिबारा खरोखरच सर्वांशी मैत्री करणारा प्राणी नाही का?

मैत्री हा शब्द इथे सैलपणे वापरला जातो. कॅपिबारा हा गवत खाणारा, मोठ्या आकाराचा आणि कळपाने राहणारा प्राणी आहे. माकड, बदक किंवा कासव त्याच्या अन्नात वाटेकरी नाही आणि त्याच्या जिवावरही उठलेले नाही, तेव्हा त्यांना हुसकावण्यात शक्ती खर्च करण्याचे त्याला कारणच नसते. पळून जायला पाणी शेजारीच आहे आणि पहारा द्यायला दहा-वीस जोड्या डोळे आहेत, हे ठाऊक असलेला प्राणी उगाच दचकत नाही. परक्या कॅपिबाराशी मात्र तो मुळीच उदारपणे वागत नाही, आणि कोंडीत सापडल्यास माणसालाही कडकडून चावतो.

डार्विनचे निरीक्षण इथे पुन्हा उपयोगी पडते. उरुग्वेतल्या माल्दोनादो येथे कॅपिबारा इतके निर्धास्त होते की तो हळूहळू चालत चार प्रौढ प्राण्यांच्या तीन यार्डांपर्यंत पोहोचला. त्याने त्याची कारणेही दिली: तिथून जॅग्वार काही वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता आणि तिथल्या गाउचो गुराख्यांना कॅपिबाराची शिकार करण्यात रस नव्हता. म्हणजे आज ज्याला आपण स्वभाव म्हणतो ती त्या जागेची परिस्थिती होती. याच्या उलट प्रयोग सध्या इबेरात घडत आहे. तिथे सुमारे सत्तर वर्षे जॅग्वार नव्हता आणि कॅपिबारांची संख्या भरमसाट वाढली होती. २०२१ पासून जॅग्वार पुन्हा सोडले जाऊ लागले आणि ते प्रामुख्याने कॅपिबारावरच पोट भरू लागले आहेत.

त्याच्या पाठीवर पक्षी का बसलेले दिसतात?

आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर गायबगळा बसतो त्याच कारणाने. कॅपिबारा चालला की गवतातले किडे उडतात आणि ते टिपायला त्याच्या पाठीसारखी उंच, फिरती जागा दुसरी नाही. पिवळ्या डोक्याचा काराकारा अंगावरच्या गोचिडीही वेचतो, आणि तेव्हा कॅपिबारा कुशीवर पडून पोट उघडे करून देतो.

जपानमध्ये कॅपिबारा गरम पाण्यात बसतात ते कशामुळे?

शिझुओका प्रांतातल्या इझू शाबोतेन प्राणिसंग्रहालयात १९८२ पासून हिवाळ्यात कॅपिबारांना गरम झऱ्याच्या पाण्याचे स्नान दिले जाते आणि त्यात युझू नावाची लिंबाच्या जातीची फळे सोडतात. उष्ण कटिबंधातल्या, विरळ केसांच्या प्राण्याला जपानी हिवाळा सोसत नाही. एरवी उष्णतेपासून सुटण्यासाठी पाण्यात जाणारा हा प्राणी तिथे ऊब मिळवण्यासाठी पाण्यात जातो, एवढाच त्याचा अर्थ. डोक्यावरचे फळ माणसांनी ठेवलेले असते.

कॅपिबारापासून माणसाला रोग होतो का?

ब्राझीलच्या आग्नेय भागात हा प्रश्न गंभीर आहे. तिथे ‘रिकेट्सिया रिकेट्सी’ या जीवाणूमुळे होणारा ठिपक्यांचा ताप गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो आणि साओ पावलो राज्यात निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. २०२३ मध्ये कांपिनास शहराजवळच्या एका शेतवाडीवरील कार्यक्रमाला गेलेले काही जण या तापाने दगावले तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली होती.

यात कॅपिबाराची भूमिका थोडी गुंतागुंतीची आहे आणि बातम्यांमध्ये ती बहुधा चुकीची सांगितली जाते. जीवाणू माणसाला देते ती गोचीड, कॅपिबारा नव्हे. परंतु हा जीवाणू खुद्द गोचिडीलाही अपाय करतो, त्यामुळे केवळ गोचिडीच्या पिढ्यान्‌पिढ्यांतून तो फार काळ टिकू शकत नाही. त्याला अधूनमधून एखाद्या मोठ्या प्राण्याच्या रक्तात वाढून नव्या गोचिडींमध्ये शिरावे लागते. कॅपिबाराला पहिल्यांदा संसर्ग झाला की आठवडा-दीड आठवडा त्याच्या रक्तात जीवाणू फिरतो आणि त्या काळात त्याला चावलेल्या असंख्य गोचिडी बाधित होतात. त्यानंतर त्याला प्रतिकारशक्ती येते आणि तो साखळीतून जवळजवळ बाहेर पडतो. म्हणजे रोग चालू ठेवायला दर वर्षी जन्मणारी, संसर्ग न झालेली पिल्ले लागतात.

यावरून हेही कळते की घाबरून कळप मारून टाकणे उलटे पडू शकते. रिकाम्या झालेल्या टापूत बाहेरून प्रतिकारशक्ती नसलेले नवे प्राणी येतात, भरपूर वितात आणि साखळी नव्याने पेट घेते. म्हणूनच तिथे काही ठिकाणी नसबंदीचा मार्ग वापरला गेला: कळप जागेवर राहतो, परक्यांना येऊ देत नाही, आणि नवी पिल्ले होत नाहीत. नदीकाठच्या गवतात न बसणे, घरी आल्यावर अंग तपासणे आणि दोन आठवड्यांत ताप आल्यास गोचिडीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करणे, ही तिथल्या रहिवाशांना दिली जाणारी खबरदारी पर्यटकांनीही पाळावी. वेळीच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू झाल्यास रोग आटोक्यात येतो.

कॅपिबारा शहरांत का शिरत आहेत?

बऱ्याचदा शहरेच त्यांच्यात शिरली आहेत. ब्युनोस आयर्सच्या उत्तरेला तिग्रे भागात नोर्देल्ता ही श्रीमंतांची कुंपणबंद वसाहत पाराना नदीच्या त्रिभुज प्रदेशातील पाणथळ जमिनीवर उभी राहिली. २०२१ मध्ये तिथल्या हिरवळी कॅपिबारांनी उकरल्याच्या, कुत्र्यांना चावल्याच्या आणि रस्त्यावर आडवे आल्याच्या तक्रारींनी जगभर बातम्या झाल्या. प्राण्यांच्या बाजूने पाहिले तर तिथे पाणी आहे, आखूड कोवळे गवत आहे, झुडपे आहेत आणि जॅग्वार नाही. याहून चांगली सोय कोणत्याही अभयारण्यात झाली नसती.

साओ पावलो राज्यात हेच काम उसाने केले. जंगल तुटून नदीपर्यंत उसाची लागवड झाली आणि कॅपिबाराला बारमाही चारा व लपायला दाट आडोसा एकाच ठिकाणी मिळाला. साओ पावलो शहरातल्या प्रदूषित पिन्येइरोस नदीच्या काठीही आज त्याचे कळप चरताना दिसतात.

ही जाती धोक्यात आहे का?

एकंदरीत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती किमान चिंतेच्या गटात आहे. मात्र शिकारीमुळे काही भागांतून ती नाहीशी झाली आहे. व्हेनेझुएलात ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपवासाच्या काळात आणि पवित्र आठवड्यात खारवलेले कॅपिबाराचे मांस खाण्याची जुनी प्रथा आहे, आणि त्यासाठी १९६८ पासून परवानाधारक पशुपालन मळ्यांना गणनेच्या आधारे ठरावीक वाटाच मारण्याची मुभा देणारी पद्धत चालू झाली. अर्जेंटिनात त्याच्या मऊ कातड्याचे हातमोजे, पट्टे आणि बूट होतात.

भारतात तो पाळता येईल का?

परदेशी जिवंत प्राणी आणण्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचा विचार नंतर करावा, कारण खरी अडचण त्याआधीच येते. एकटा कॅपिबारा म्हणजे कळपाचा तुटलेला तुकडा असतो. त्याला किमान दोन-तीन सोबती, पोहण्याजोगे आणि रोज बदलावे लागणारे पाणी, आणि दर माणशी नव्हे तर दर प्राणी दिवसाला काही किलो हिरवा चारा लागतो. तो पाण्यातच मलविसर्जन करतो, हे घरातल्या टबात ठेवलेल्या पिल्लाच्या चित्रफितीत दाखवले जात नाही. दात सतत वाढत असल्याने कुरतडायला राठ चारा न मिळाल्यास त्याचे जबडे बिघडतात. कोणी कितीही हौशी असला तरी सदनिकेत हे जमणार नाही.

रानातला कॅपिबारा पाहायचा असल्यास कुठे आणि केव्हा जावे?

पांतानालमध्ये जुलै ते ऑक्टोबर हा कोरडा काळ उत्तम, कारण पाणी आटल्याने प्राणी नदीकाठी एकवटतात आणि त्याच काठावर जॅग्वार दिसण्याची शक्यताही सर्वाधिक असते. इबेरात कोलोनिया कार्लोस पेयेग्रिनी या खेड्यातून होडीने फिरताना कॅपिबारा हमखास दिसतात. दोन्ही ठिकाणी होडीतूनच पाहणे चांगले: जमिनीवरून जवळ जाणाऱ्या माणसाला कळप लवकर भुंकतो, आणि गोचिडी काठावरच्या गवतातच असतात.